हैदराबादेत अडकलेली रजा

ती. रुपचंद नाना, मु. नरडाणा,

तुमच्या सुनेच्या, म्हणजे दिपमालाताईच्या भावाचा, नवलचा, चपला दाराबाहेर काढून नमस्कार. भिकुअक्कांचा गुडघा कसा आहे? तुमची म्हैस, कूलर आणि आमचे दाजी बरे चालत असतील.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली. तुमचा कायदा मला पाठ आहे, "सख्खा भाऊ उना तरच व्हऊ माहेरले जाई." मुऱ्हाळी म्हणून ताईला न्यायला मीच येणार होतो. पण नाना, माझी रजा कंपनीतून बाहेरच पडली नाही. रागावू नका, नीट सांगतो.

मी इथे हैदराबादेत कंपनीत चहा देतो, पण कान उघडे असतात. कंपनीची बठ्ठी, झाडून सगळी अ‍ॅपं क्लाऊडमध्ये राहतात. क्लाऊड म्हणजे ढग नव्हे (मी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं होतं), तर भाड्याच्या मशिनींवर कुंपण घालून घेतलेली आपली जागा. तिथून अ‍ॅपं इंटरनेटवर कुठेही भटकायची. मागे एक अ‍ॅप गिऱ्हाइकांची माहिती भलत्याच पत्त्यावर देऊन आलं, तेव्हा साहेब लोकांनी बाहेर जायचा दरवाजाच लावला. ज्या अ‍ॅपचं जिथे काम, तेवढाच पत्ता यादीत. बाकी कुठे पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या नानांचंच घर! (कौतुकानं म्हटलं.)

हे काम ज्योत्स्ना मॅडमकडे आलं. त्या जळगावच्या, म्हणून मी मोकळं बोलतो. प्रत्येक अ‍ॅप वापरणाऱ्याला त्या विचारत फिरल्या, की हे बाहेर कुठे जातं का? रजेचं अ‍ॅप कंपनीत सगळ्यात जास्त मी वापरतो, म्हणून मला विचारलं. आणि नाना, स्थळ पाहायला आलेल्यांनी पोरीबद्दल विचारलं की आपल्याकडे माणूस कसा छाती काढून सांगतो, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो मॅडम, एकदम घरंदाज आहे. उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही." मॅडमनी तसंच लिहून घेतलं आणि यादीत त्या अ‍ॅपपुढे एकही पत्ता घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा अर्ज 'पाठवत आहे, पाठवत आहे' म्हणत गोल गोल फिरतोय. मग कळलं, रजा मंजूर करणारी मशीन बाहेरच्या कंपनीची. या घरंदाजाचं रोजचं जाणं-येणं तिथेच होतं! आता तो पत्ता यादीत घालायला मोठ्या साहेबांची परवानगी लागते, आणि मोठे साहेब काश्मीरला गेलेत (त्यांची रजा आधीच बाहेर पडली होती). कागदावर अर्ज दिला तर म्हणाले, अ‍ॅपमध्ये टाक.

बाकी सगळं ठीक. अक्कांना पाया पडतो म्हणून सांगा.

तुमचा, आतल्या आत फिरणारा,
नवल (सोनगीर)

ता. क. हे पत्र ज्यानं आणून दिलं तो आमचा चुलतभाऊ भूपेंद्र. ट्रक घेऊन इकडे आला होता. तोंडावरून वाटत नाही, पण माणूस भरवशाचा आहे. एवढ्या आखाजीपुरतं त्याचं नाव तुमच्या यादीत घाला आणि ताईला त्याच्याबरोबर पाठवा. (ट्रकमध्ये नाही, एसटीनं नेईल.) आईनं निंबाला झोका बांधून ठेवलाय.

आणखी एक. जायचं का, असं ताईला विचारू नका. ती पदर सावरून म्हणेल, "नाही नाना, माले कोठे जानं शे?" मॅडमना मीही असंच सांगितलं होतं.