हीटर चालू झाल्याची बातमी

प्रिय ठमाकाकू,

पाकीट बघून घाबरू नकोस. घर जागेवर आहे, मी जागेवर आहे आणि तुझी आई आत दोन रजया पांघरून माझ्या नावानं खडे फोडते आहे, म्हणजे तशी बरी आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर या घरात मी फोनवर नुसता खाकरलो तरी आतून कुणाशी बोलताय म्हणून आवाज येतो. शेडमध्ये रेंज येत नाही. म्हणून शेडची दोन्ही दारं सताड उघडी टाकून, इंजिन चालू ठेवून, गाडीत बसून लिहितोय. मांडीवर कापड बेतायची फळी घेतली आहे. हीटर चालू आहे. एवढं एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी गेले कित्येक दिवस काय काय केलं ते आधी ऐक, मग मुद्द्याचं सांगतो. एकदम मुद्द्यावर यायची माझी हिंमत होत नाही.

सुरुवात काचेपासून झाली. तुझ्या आईला औषधासाठी हॉस्पिटलला नेताना गाडीची समोरची काच आतून धुरकट व्हायची. पुसली की चिकट फरांटे उठायचे आणि गाडीभर गोडसर वास यायचा. मी तिला म्हटलं, तुझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली सांडली असणार. ती म्हणाली, तुम्हीच चोरून गोळ्या चघळता आणि वर माझं नाव घेता. यावरून आम्ही डोंगर चढून उतरेपर्यंत भांडलो, आणि खरं सांगू का, बरं वाटलं. आजारपणात लोक इतकं गोड बोलतात की भांडायची चोरी होते. हॉस्पिटलात पोचल्यावर तिचा एक मोजा ओला निघाला. पायाखालचा गालिचा पिळला तर हिरवट पाणी आलं. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डच्या मागे एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याच्यावरून वारा येतो, तीच गाडीतली ऊब. आपल्या म्हाताऱ्या गाडीचा तो छोटा रेडिएटर फुटला होता.

तुला ती फोनवर अर्धंच सांगते, म्हणून उरलेलं मी सांगतो. तिला जे औषध देतात त्यानं थंडी सोसत नाही. सोसत नाही म्हणजे आपल्याला हुडहुडी भरते तसं नव्हे. नळाचं पाणी लागलं की बोटं वाकडी होऊन बसतात. फ्रिजचं दार मीच उघडतो. गार वारा नाकातोंडात गेला की घसा आवळतो आणि श्वास अडकल्यासारखा होतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, खरोखर अडकत नाही, फक्त तसं वाटतं. पण त्या वेळचे तिचे डोळे त्यांनी पाहिलेले नाहीत. म्हणून मी आधी गाडी तापवायचो, मग तिला गुंडाळून आणून बसवायचो, आणि तासाभराचा रस्ता आम्ही उकडून घेत पार करायचो. औषध लागू पडतंय गं. गाठ निम्म्यावर आली आहे, फोटोत मला स्वतःला दाखवली. निम्मे डोस झाले आहेत आणि उरलेले चुकवायचे नाहीत असं त्यांनी मला बजावून सांगितलं आहे.

गॅरेजवाल्यानं गाडी पाहिली आणि त्या छोट्या रेडिएटरचे दोन पाइप बाहेरच एकमेकांना जोडून दिले. गाडी धावेल, म्हणाला, पण हीटर विसरा. तो छोटा रेडिएटर बदलायचा तर सगळा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो, माझ्याकडे गाड्यांची रांग आहे, थंडी सरली की आणा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, थंडी सरल्यावर हीटर घेऊन मी काय करू? तो बिचारा ओशाळला, पण माणसं कुठून आणणार? टॅक्सीवाले या बर्फात वर चढायला तयार होत नाहीत. शेवटी हॉस्पिटलची गाडी बोलावली. ती सगळ्यांना घेत घेत जाते, आणि दर घरापुढे तिचं भलंमोठं दार सरकतं. दर वेळी आत वारा. तुझी आई मफलरमध्ये तोंड खुपसून माझा हात धरून बसली होती. एका थांब्यावर चाकाच्या खुर्चीतले आजोबा चढायचे होते, दार उघडंच राहिलं आणि तिचा घसा धरला. मी दार लावा म्हणून ओरडलो. त्या आजोबांवर ओरडलो. पुढच्या डोसाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, गाडी होईपर्यंत राहू द्या. मी फोन करून पाळी आठवडाभर पुढे ढकलली आणि मनात म्हटलं, आठवड्यात करतोच.

तुझा बाप शिंपी. पाना हातात धरायचा कसा इथपासून तयारी. पण उसवणं मला येतं. कोट उसवायचा तर कुठली शिवण आधी हे ठरलेलं असतं, आणि जे सोडवशील त्याला खूण करायची. मी प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधला, तिच्या जोडीदारालाही त्याच रंगाचा. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याचं चित्र कापडावर खडूनं काढून तिथेच टोचून ठेवला. स्टिअरिंग खाली सोडलं, डॅशबोर्ड हलवून हलवून बाहेर घेतला. त्याच्या पोटात काय निघालं असेल? तुझे रंगीत खडू, अर्धे वितळलेले. लहानपणी पुढे बसायला मिळालं की तू वाऱ्याच्या जाळीतून ते एकेक आत सोडायचीस आणि मग खडू हरवले म्हणून भोकाड पसरायचीस. मी ते घेऊन आत धावलो. तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग बराच वेळ ते खडू ओंजळीत धरून बसली. त्याच्याही मागे तो छोटा रेडिएटर. एका कोपऱ्याला गळतीची हिरवी खपली, नखाएवढी. एवढ्याशानं आमचा छळ मांडला होता.

नवा बसवला. दोऱ्याला दोरा जुळवत सगळं परत शिवलं म्हण ना. पाणी भरलं, हवा काढली, गाडी सुरू केली, तापमानाचा काटा वर चढला, आणि जाळीतून गार वारा. मी पंखा वाढवला, गार. कमी केला, गार. अजून तापायची असेल म्हणून थांबलो, तरी गारच. तिची पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी शेडच्या फरशीवर बसलो आणि रडलो, तुला सांगायला लाज कसली. पुन्हा सगळं उसवायचं बळ हातात नव्हतं. कुणाला हाक मारावी हेही कळेना. मग उठलो आणि बॉनेट उघडून नव्या दोन्ही पाइपांना हात लावला. एक चटका बसेल इतका तापलेला, दुसरा गार. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइप मी कापून घेतला होता, आणि कापताना दोन बोटं जास्त ठेवला होता. जन्मभराची सवय. कापड आत दाबता येतं, वाढवता येत नाही, म्हणून शिंपी शिवणीत जादा कापडाची माया सोडतो. रबराच्या पाइपात माया कुठं दाबणार? त्या जादा दोन बोटांनी तो इंजिनामागे दुमडला होता आणि पाणी अडलं होतं. कात्रीनं तेवढा तुकडा उडवला, पाइप सरळ बसवला, पाणी भरलं, गाडी सुरू केली. जाळीतून असा वारा आला की माझा चष्मा धुरकटला.

मी तिला अक्षरशः ओढत आणलं. गाडी आधी तापवून ठेवली होती. ती बसली, दार लावलं, मफलर सोडला, टोपी काढली. मग हातमोजे काढले. घराबाहेर तिचे उघडे हात मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. तिनं दोन्ही तळवे जाळीसमोर धरले आणि मला विचारलं, गरम आहे ना? मी म्हटलं, म्हणजे काय, भाजतंय. ती म्हणाली, तोंडाला लागतंय, बोटांना काही कळत नाही. मग हसत हसत सांगितलं की सुई हातातून गळते. काजं करता येत नाहीत म्हणून नव्या कोटाचं गिऱ्हाईक तिनं मला न विचारता परत पाठवलं होतं. माझ्या प्रत्येक कोटाची काजं तिच्या हातची आहेत, तुला माहीत आहे. मी म्हटलं, उद्या डॉक्टरीणबाईंना सांगू, औषध कमी करतील, असं होतं म्हणतात, पुढे सुधारतंही म्हणतात. तिनं हात मांडीवर ठेवले. म्हणाली, गाडीसाठी थांबले नव्हते मी. तुम्ही इतक्या जिद्दीनं कामाला लागलात, म्हणून बोलले नाही. मला आता तिकडे जायचं नाही. गाडी झालीच आहे, तर मला ठमीकडे घेऊन चला.

ही कालची गोष्ट. आज पाळी होती, आणि आम्ही दोघं घरी आहोत. मी समजावलं, चिडलो, पाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. शेवटी तुझ्याकडे यायला कबूल झालो. तिनं माझ्याकडून वचन घेतलंय की तुला काही सांगायचं नाही, लेकीकडे चार दिवस हसतखेळत राहायचं. मी वचन पाळतोय, तोंडानं काही बोलत नाही. पोस्टातली बाई म्हणाली की पत्र आमच्या आधी पोचेल. ठमे, मी हात टेकले. माझ्याच्यानं आता होत नाही, आणि तिच्याशिवाय मला राहता येणार नाही. तू भांड तिच्याशी. लहानपणी भांडायचीस तशी, पाय आपटून, दार लावून, जेवायचं नाही म्हणून. जगात ती फक्त तुझ्यापुढे हरते. तुझ्या गावच्या हॉस्पिटलात आजच चौकशी कर, पुढचा डोस तिथे देतील का विचार, औषध हलकं करतील का तेही विचार. आम्ही आलो की मी काहीतरी निमित्त काढून गाडीकडे जाईन आणि तुम्हां दोघींना एकटं सोडीन. कितीही वेळ लागू दे, मी बाहेर गाडीतच बसून राहीन. ती हो म्हणाली तर खिडकीतून नुसता हात कर, मी गाडी तापवायला घेईन. आणि नाहीच ऐकलं तिनं, तर हाक मारू नकोस. तू बाहेर ये आणि माझ्या शेजारी बस.

तुझाच,
बाबा