पान सत्तेचाळीसवरची वाट

मी, शांताराम पंढरी सावे, वय ७३, निवृत्त शिक्षक, राहणार सफाळे, हे पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. घर, चिकूची वाडी व ठेवी पुतण्या ललित यास. वाडीतून रस्ता मागणाऱ्या गुदामवाल्याला त्याने वीतभरही जागा देऊ नये. त्याच्याविरुद्ध मी अकरा सभा घेतल्या. बारावी ललितने घ्यावी.

२. सात होकायंत्रे माझ्या जुन्या शाळेस. मुलांना रानात भटकवतो म्हणून तिने मला नोटीस दिली होती. तरीही तिलाच.

३. नकाशा व होकायंत्राने वाट शोधण्याच्या खेळावरील माझी चार मार्गदर्शक पुस्तके. त्यांचे संकेतस्थळ ललितने तयार केले आहे. ते ~~माझ्या मृत्यूनंतर~~ खुले करावे आणि पहिल्या पानावर पुढील मजकूर असावा.

दातिवऱ्याजवळची खाडी मी अमावास्येच्या ओहोटीला मोजली. पाणी गुडघाभर होते. जाळे झाडत असलेली जयवंती तांडेल म्हणाली होती, "मास्तर, ही आवशेची सुकती हाय. आठमीला हितं पानी हटत नाय." मी हसलो आणि पान ४७ वरच्या नकाशावर छापले: 'ओहोटीला पायी पार.' बोईसरच्या कारखान्यातला सुजित मी भरवलेल्या स्पर्धेत, अष्टमीला, ओहोटीची वेळ पाहून, त्या वाटेने गेला आणि बुडाला.

शोकसभेत मी खाडीवर धोक्याचा फलक न लावणाऱ्यांवर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. स्पर्धेचा आयोजक म्हणून पोलिसांनी त्याची पिशवी माझ्याकडे दिली होती. तीत माझे पुस्तक होते, पान ४७ दुमडलेले. पिशवी त्याची पत्नी जागृती हिला दिली. पुस्तक ठेवून घेतले. तिने विचारले, "सर, ह्यांना नकाशा वाचता येत नव्हता का?"

उत्तर आज देतो: सुजितने नकाशा बरोबर वाचला. नकाशा चुकीचा होता.

४. ती प्रत जागृतीची आहे.

जयवंतीला मी काही देत नाही, म्हणून कायद्याने तिला साक्षीला बोलावता आले. सगळे वाचून तिने विचारले, "मेल्यावर कशाला, मास्तर? तवा तुमाला कोन काय बोलनार?"

म्हणून कलम ३ मधील दोन शब्द खोडले आहेत व खोडल्या जागी सही केली आहे. प्रत उद्या मी स्वतः बोईसरला नेईन. जागृतीने दार उघडले तर.

सफाळे, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) शांताराम पंढरी सावे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
(सही) जयवंती धर्माजी तांडेल, दातिवरे
(सही) डॉ. हितेश चुरी, सफाळे