छोट्या विमानासाठी वजन

रविवार संध्याकाळ, बुकित बातोक, सिंगापूर

सफारीवाल्या एजंटचा फोन. बोट्स्वानात एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पला छोट्या विमानाने जायचं, म्हणून दोघांची वजनं हवीत. म्हटलं, "मिस्टर गेले माझे. वजन नंतर कळवते."

याच विमानासाठी सुधीरने भात सोडला होता. दर रविवारी वजनकाट्यावरून ओरडायचा, "बघ, अजून उतरलं! पायलट खूश!" मी टाळ्या वाजवायचे. ते आजाराने उतरतंय, हे दोघांपैकी एकाच्याही मनात कसं आलं नाही? टाळ्या वाजवत होते मी!

लेक तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणते, "आई, जस्ट गो लाह. बाबांसाठी."

जाईन. मघाशी काट्यावर उभी राहिले. माझंही उतरलंय. सवयीने मागे वळून सांगायला गेले.