पंधरापैकी दोन

तीर्थस्वरूप धुरपताबाईस,

सानगडीहून तुझ्या धाकट्या भावाचा, गोपीचंदचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? आंबागडची धानाची रोवणी उरकली असेलच. इकडे सर्व ठीक, म्हणजे कागदोपत्री ठीक, आणि त्या कागदाचाच मला संताप आला आहे.

मागच्या महिन्यात दवाखान्यातली टीना घरी आली. साठीपुढच्या सगळ्यांसाठी तिच्याकडे पंधरा प्रश्नांचा कागद. म्हाताऱ्यांचं मन उदास आहे का, ते ज्याचं त्यानं सांगायचं, हो किंवा नाही. "आजोबा, जास्त विचार नका करू जी, मनात येईन ते सांगा." आता मनातलं सांगायचं तर माणूस एकटा नको का? माझा चष्मा सापडेना (खिशातच होता, ते सोड), म्हणून प्रश्न वाचायला बसली कोण, तर आमची सून रेणू! तिनं विचारायचं, एकटं वाटतं का, आणि मी तिच्याच हातचा चहा पीत हो म्हणायचं? ती बिचारी रडेल, आणि प्रविण शेतातून आला की विचारेल, बाबा, आम्ही काय कमी केलं? म्हणून म्हटलं, नाही. आयुष्य रिकामं वाटतं का? नाही. माझी शकुन जाऊन अकरा महिने झाले, तिची खाट अजून ओसरीत आहे, पण नाही म्हणजे नाही. विसरायला होतं का, याला चष्म्यामुळे हो म्हणावं लागलं. आणि इतर लोक तुमच्यापेक्षा सुखी वाटतात का, यालाही हो, कारण बाबुलालकडे ट्रॅक्टर आहे. खोटं कशाला बोलू?

झाले दोन मार्क. बाबुलाल घरी एकटाच होता, त्यानं खरं खरं भरलं आणि रस्त्यावरून ओरडला, "गोप्या, तुले दोनच? मले अकरा भेटले!" चौथीपर्यंत हा माणूस कायम माझ्या मागे होता, बाई! मी तडक टीनाला गाठून म्हटलं, माझा पेपर पुन्हा तपास. ती हसली. "कमी मार्क म्हणजे चांगलं जी आजोबा, तुम्ही एकदम नॉर्मल हाव." आता अकरावाल्याकडे दर आठवड्याला डॉक्टर येतो, मुलगी गुड्डी नागपूरहून येऊन राहिली आहे, आणि अर्धं गाव त्याच्या ओसरीत पत्ते कुटतं. मला नॉर्मलला कुत्रं विचारत नाही. ताप मोजायला नर्स स्वतः थर्मामीटर लावते, सुनेला विचारायला बसवत नाही. एवढी अक्कल हा कागद काढणाऱ्यांना नसावी?

असो. माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे.

तुझा,
गोपीचंद

ता. क. टीनाकडून एक कोरा कागद मागून आणला होता. परवा तलावाच्या पाळीवर बसून, चष्मा लावून, एकट्यानं भरला. तेरा आले. बाबुलालपेक्षा दोन जास्त, आणि हे त्याला सांगता येत नाही.

ता. क. २. बाई, यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेची वाट बघू नकोस, आत्ताच ये. रेणूला सांग, गुडघे दाखवायला आले. शकुनची खाट झाडून ठेवली आहे. तेराचा कागद याच पाकिटात घातला आहे. तो टीनाच्या हातात तू दे. दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आलो, माझ्यानं होत नाही.