उजव्या कानातला बास

२ नोव्हेंबर, रविवार

उपासना संपल्यावर ग्रेसनं क्वायरला थांबवून घेतलं. यंदा नाताळची गाणी हीच बसवणार. संडे स्कूलमध्ये असताना हिचं नाक मी पुसलंय, आता ही माझी परीक्षा घेणार. म्हणाली, एकत्र सराव डिसेंबरातच. तोवर प्रत्येकाच्या भागाचं रेकॉर्डिंग पाठवते, घरी ऐकून पाठ करा. आणि ७ डिसेंबरच्या आत आपापला भाग एकट्यानं गाऊन मला पाठवा. ज्याचं येणार नाही, तो नाताळला उभा राहणार नाही.

एकट्यानं. 

बासमधले शमुवेलकाका यंदा नाहीत. सप्टेंबरपासून त्यांना चक्कर येते. होटगीहून एवढ्या लांब यायचं नाही, असं मुलानं बजावलंय. बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजात, उरलो मी आणि तो बँकेतला नवीन आशिष.

३ नोव्हें., सोम.

निदान इथं तरी खरं लिहावं. बावीस वर्षं क्वायरमध्ये आहे. मला गाता येतं की नाही, हे मलाच माहीत नाही. सोल-फा, म्हणजे कागदावरचे सूर, वाचता येत नाही. शमुवेलकाका शेजारी उभे असायचे. त्यांनी सूर लावला की मी पटकन तो धरायचो. ते वर तर मी वर, ते खाली तर मी खाली. लोक म्हणतात, बास दणकट आहे हो तुमचा. रजनीही म्हणते. बायको असून तिलाही इतक्या वर्षांत सांगितलं नाही. आता काय सांगणार, वय त्रेपन्न.

६ नोव्हें., गुरु.

रेकॉर्डिंग आलं. सोबत ग्रेसचा मेसेज, हातभर. हे असं ऐका, ते तसं ऐका. पूर्ण वाचला नाही, कंपनीची बस आली.

चिंचोळीला कंपनी येईपर्यंत तीनदा ऐकलं, दुपारी स्टोअरमध्ये दोनदा. इअरफोन एकच घालतो, उजवा. डावा कान कंपनीचा. गाडीचा हॉर्न, साहेबांची हाक, काय येईल ते त्या कानात.

गाणं नवीन आहे, चार आवाजांचं. ऐकायला दोन बायका आणि एक पुरुष. पुरुष म्हणजे ग्रेसचा भाऊ असावा. तोच आपला भाग. जरा उंच वाटतोय. यंदा बास एवढा वर का चढवलाय कोण जाणे. सगळंच महाग होतंय, हाही झाला असेल.

९ नोव्हें., रवि.

पाचव्या दिवशी पाणी आलं, तेही नेमकं चर्चच्या वेळेला. रजनी एकटी गेली, मी पिंप भरत बसलो. दोन मजले, बारा बादल्या. गुडघा बोलायला लागला. संध्याकाळी रे. लावलं आणि पहिल्याच कडव्यात डोळा लागला.

१२ नोव्हें., बुध.

जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या मागं बसून गात होतो. बिरू हमाल आला आणि इकडंतिकडं बघायला लागला.

"काय हवंय?"

"काय न्हाय सायेब. म्या म्हनलं पंखा घासतोय का काय. तुमी व्हय!"

बिरू मंगळवेढ्याकडचा, ढोल घेऊन ओव्या म्हणणाऱ्यांतला. खोक्यावर बसून ऐकत राहिला. म्हणाला, आमच्यात एक जण म्हणतो, बाकीचे मागनं झील धरतात.

मी म्हटलं, मीही झीलवालाच आहे रे.

"आसू द्या की. झील धरायची म्हनली तरी तोंड उगडावं लागतंय. तुमी दात आवळूनच गाताय."

खरं बोलला मेला. दिवसभर राग होता.

१६ नोव्हें., रवि.

चर्चच्या पायऱ्यांवर आशिषनं गाठलं. "अंकल, ते रेकॉर्डिंग मला काही समजत नाही. तुम्हीच गाऊन पाठवा ना. तुमच्याशेजारी उभा राहिलो की माझं आपोआप जमतं."

माझ्याशेजारी! हसावं की रडावं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ती मी.

नाही म्हणवलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भरवशावर होतं, बरं वाटलं, का लपवा.

१९ नोव्हें., बुध.

आशिषला गाऊन पाठवलं. दोन कडवी. पाठवल्यावर स्वतः ऐकायचं धाडस झालं नाही. त्याचं उत्तर : मस्त अंकल, आता पाठ करतो.

कंपनीत ऑडिट. पायांचे तुकडे पडले.

२३ नोव्हें., रवि.

दुपारी होटगीला गेलो. शमुवेलकाका अंगणात बाजेवर पडले होते. रेल्वेत आयुष्य गेलं, अजून गाडीचा आवाज आला की उठून बसतात. खूप वाळलेत. काकूंनी भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. ते खाता खाता बोलून टाकलं. आणखी किती दिवस पोटात ठेवणार.

"काका, मला गाता येत नाही. मी तुमच्यावर चालवत होतो. पहिल्यापासून."

"ठावं हाय की."

घास तसाच राहिला. "कधीपासून?"

"पयल्या वर्सापासनं. म्हनून तर मी सूर जरा आदी उचलत होतो. तुला धरायला घावला पायजे ना, इजय."

क्वायरचे जुने मास्तर प्रत्येक सरावात काकांवर खेकसायचे. शमुवेल, घाई कसली? होटगीची गाडी सुटते का? सगळी क्वायर हसायची. मीही हसायचो. काका मान खाली घालायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा आधी उचलायचे. इतकी वर्षं तो माणूस माझ्यापायी बोलणी खात होता आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून हसत होतो.

विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "सांगून काय? तू क्वायर सोडली आसती."

परतताना बसमध्ये रे. लावलंच नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

रजनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे मी लग्नाकार्यात बायकांना सांगत होते, आमचे हे गातात, ते सगळं...?"

 राग आला असावा, किंवा कीव. आमटीत मीठ मात्र जास्त पडलं.

२८ नोव्हें., शुक्र.

दोन दिवस ताप. सुट्टी मिळाली नाही. तरी रे. ऐकतोय. एक मात्र कळत नाही. सुरुवातीला तो भाग उंच वाटत होता, आता नाही वाटत. तिसऱ्या कडव्यात आवाज वर चढतो आणि तिथंच थांबतो. तिथं मी दात आवळत नाही, न सांगताच तोंड उघडतं. शमुवेलकाकांबरोबर गाताना घसा दुखायचा, घोट घोट पाणी प्यायचो. आता दुखत नाही. तापामुळे भ्रम असेल.

पण आवडायला लागलंय. बावीस वर्षांनी.

५ डिसें., शुक्र.

आज करून टाकलं. कामावरून आलो, चहा घेतला, गच्चीवर गेलो. रजनी वाळत घातलेले कपडे काढत होती. म्हटलं, थांब, ऐक. इअरफोन उजव्या कानात, फोन हातात, तिन्ही कडवी सलग गायलो. मध्ये एकदा शेजाऱ्यांचा कुकर वाजला, थांबलो नाही.

रजनी कपडे हातात घेऊन उभीच. "अहो, दर रविवारी तुमच्या समोरच्या बाकावर बसते. तुमचा आवाज आज ऐकला." डोळे पुसले तिनं. धूळ म्हणाली.

ग्रेसला पाठवलं. झोप चांगली लागेल आज.

६ डिसें., शनि.

जेवत असताना ग्रेसचा फोन.

"अंकल, तुम्ही टेनर का पाठवलात?"

"टेनर कुठला? बास आहे तो."

"नाही अंकल, टेनर आहे, पुरुषांतला वरचा आवाज. अगदी सुरात आहे. पण तुमचा भाग बास ना?"

मग एकेक उलगडलं. तिच्या त्या हातभर मेसेजमध्ये लिहिलं होतं : डाव्या कानात तुमचा स्वतःचा भाग, उजव्या कानात बाकीचे तिघे. दोन्ही इअरफोन घालून ऐका. डाव्या कानात तिनं बास वाजवून आणि बोलून समजावून ठेवला होता. तो कान मी कंपनीला दिलेला. उजव्या कानात दोन बायका आणि तिचा भाऊ. तिचा भाऊ टेनर.

महिनाभर मी दुसऱ्याचाच भाग पाठ केला. आणि तोच आशिषला शिकवला! म्हणजे नाताळला क्वायरमध्ये बासच नाही. लाजेनं मरायचं बाकी राहिलं. ताटावरून उठलो. रजनीनं इअरफोन घेऊन एकदा डावा, एकदा उजवा कानाला लावून पाहिला आणि पदर तोंडाला लावला. हसत होती. मग मीही हसलो. दुसरं काय करणार.

ग्रेस फोनवरच होती, ती हसली नाही. म्हणाली, "अंकल, एक विचारू? तुम्हाला बासमध्ये कुणी घातलं?"

कुणीच नाही. पहिल्या दिवशी शमुवेलकाकांच्या शेजारी जागा होती, तिथं उभा राहिलो.

"तुमचा आवाज बासचा नाहीच. तुम्ही टेनर आहात. खाली जोर लावून गायलात इतकी वर्षं, म्हणून तो उमटलाच नाही."

७ डिसें., रवि.

उपासनेनंतर ग्रेसनं सगळ्यांदेखत विषय काढला नाही, एवढी समज तिला आहे. बाजूला घेऊन सांगितलं. दोन वाटा. टेनरमध्ये उभं राहायचं. भाग पाठ आहेच, पण तिथं तिचा भाऊ एकटा, तोही दुसऱ्या टोकाला, म्हणजे कुणाचा आधार नाही. नाहीतर बासमध्येच राहायचं, दोन आठवड्यांत पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, दोन्ही कानांनी. "मला विचाराल तर टेनर. पण बासला आशिष एकटाच उरेल. उद्या सांगा."

आशिषला कळलंच होतं. "अंकल, तुम्ही तिकडं गेलात तर मी नाही उभा राहणार. एकट्याला नाही जमणार मला." असा चेहरा केला की मला मीच दिसलो, तीस वर्षांचा.

रजनी म्हणते, जा टेनरमध्ये, इतकी वर्षं लोकांसाठी उभे राहिलात, आता स्वतःसाठी राहा. लोकांसाठी कुठं, मी तर लोकांच्या जिवावर उभा होतो. पण तिला ते पटत नाही.

घरी आल्यावर शमुवेलकाकांना फोन लावला. वाटलं, ऐकून खूश होतील, हसतील. इअरफोनचं सांगितलं, आशिषचं सांगितलं, हसले. मग ग्रेस काय म्हणाली ते सांगितलं. आवाज बासचा नाही, वरचा आहे, खाली जोर लावून दबला होता.

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"म्हंजे," काका म्हणाले, "बावीस वर्सं मी तुला खाली वडत होतो व्हय रं?"

नाही हो काका, असं काय म्हणता, असं म्हटलं मी. पण लगेच म्हणता आलं नाही. मध्ये थोडा वेळ गेला, आणि तो त्यांना कळला.

"बरं, ठेवतो," म्हणाले.