समुद्रकाकडी पुन्हा जेवू लागली

१२ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय ताई,

तू, भाऊजी आणि चिमणी मजेत असाल. इकडे आम्हीही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण संध्याकाळचा फेरफटका त्यांनी सोडलेला नाही. फोन हाताशी असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मला आज शेवटपर्यंत सांगायचंय.

आधी मत्स्यालयातली बातमी. आमच्या कोपऱ्यातल्या टाकीत समुद्रकाकडी आहे ना, चिमणी जिला 'जुना मोजा' म्हणाली होती, ती. मागे एकदा पंप बंद पडला, पाणी तापलं. सकाळी बघते तर तिने आपलं आतडं बाहेर टाकलेलं, दोऱ्याचा गुंता पडावा तसं. मला वाटलं, आटोपला कारभार. जाळी घेऊन काढायला गेले, तर आमच्या प्रमुख बाईंनी थांबवलं.

"राहू दे. फार त्रास झाला की या असं करतात. आतडं ज्या पातळ पडद्याला धरून असतं तो आत शाबूत आहे. त्याच्याच कडेने नवं वाढेल. पाणी स्वच्छ ठेव आणि तिला सारखी हलवू नकोस."

बरेच दिवस ती ढिम्म. खात नव्हती, खाऊन घालणार कुठे म्हणा. मग एका सकाळी तिच्या मागे वाळूची छोटीशी लेंडी दिसली. म्हणजे खाल्लं होतं, पचलंही होतं. पहिल्या नंबराने पास झालेल्या लेकराकडे बघावं तशा आम्ही दोघी त्या लेंडीकडे बघत उभ्या राहिलो.

त्याच सुमाराला त्यांचं यकृत निकामी होत चालल्याचं कळलं. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं ते तुला कळलंच. तुझ्याशी बोलताना मी 'त्या' म्हणते. घरी मी आईच म्हणते, ताई. बाबांनी त्यांना लग्न करून घरी आणलं तेव्हा तू वसतिगृहात निघून गेलीस, आणि मला तर अजून वेणीही घालता येत नव्हती. ती त्यांनीच घातली. आज मी आईच लिहिणार आहे.

कुणीतरी यकृताचा तुकडा द्यायला हवा होता. बाबांचं वय झालेलं. माझा रक्तगट जुळला. डॉक्टर म्हणाले, उरलेलं यकृत वाढून काही महिन्यांत जवळपास पहिल्याइतकं होतं. मी म्हटलं, "माहीत आहे, आमच्याकडे एकीने आख्खं आतडं नवं केलंय." ते हसले. "तिला जमतं ते सगळं आपल्याला जमत नाही. एवढं मात्र जमतं. तरी ऑपरेशन मोठं आहे, विचार करा."

आईच तयार होईना. "पोरीच्या अंगाची चिरफाड माझ्यासाठी नको."

"पोरीच्या म्हणालीस ना? मग पोरीचं ऐक."

त्यावर तिने भिंतीकडे तोंड वळवलं. तशीच म्हणाली, "दुखलं तर लपवू नकोस मात्र."

तेव्हा मी तुला प्रशिक्षणाला जातेय म्हणून सांगितलं, ते प्रशिक्षण नव्हतं. तू धावत आली असतीस आणि मला अडवलं असतंस. तुझ्यापुढे माझं काही चाललं नसतं, म्हणून गप्प बसले. रागाव, पण सावकाश.

दुखलं. खोकला आला की ब्रह्मांड आठवायचं. पण मागच्या तपासणीत डॉक्टरांनी पडद्यावर माझं यकृत दाखवलं, छान भरून आलंय. काल कामावर रुजू झाले. बाई पाण्याची बादली उचलू देत नाहीत, बाकी सगळं पूर्वीसारखं. आईचे डोळे पिवळे होते, ते आता स्वच्छ आहेत. आत्ता ती खिडकीशी बसून माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही शिवतेय, आणि बाबा तिच्यासाठी सुईत दोरा ओवायचा आव आणताहेत. इतकं निवांत घर मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुला लिहितेय हे तिला सांगितलं. शिवता शिवताच म्हणाली, "कळव. पण ये म्हणू नकोस. तिला वाटलं तर ती येईल."

म्हणून मी ये म्हणत नाही. आम्ही घरीच असतो.

तुझी, आणि आईचीही,
धाकटी