तारवाल्यांची खुर्ची

३ फेब्रुवारी
ऐक गो हौसा, तू हे सगळं विसरणार आहेस. काल आमटीत मीठ दोनदा घातलंस आणि जेवताना तूच विचारलंस, खारट कोणी केली. म्हणून आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, नातसून नम्रताने लिहायचं, आणि विसरलं की तिनेच मला वाचून दाखवायचं. दुसऱ्या कोणासाठी नाय.

मुख्य गोष्ट अशी. नातू निकेशची पेण आणि रोह्यात इंटरनेटची कंपनी आहे. म्हणजे माझी आहे. ऑफिसची जागा माझी, म्हणून कंपनीही माझ्या नावावर, कागदावर अंगठा माझा. निकेश फक्त चालवतो.
संकल्प: आता जातीने लक्ष घालायचं.

५ फेब्रुवारी
प्रविण आला. गणपतीचा कारखाना आहे त्याचा, गल्लीत सगळ्यात मोठा. त्याने वेबसाइटला मराठी अक्षरांतलं नाव घेतलंय, बापाचं. त्याच नावाचा ईमेल. परदेशातली गिऱ्हाईकं मूर्ती मागवतात, पण हा पत्ता तिकडच्या फॉर्ममध्ये टाकला की ‘पत्ता चुकीचा’ असं येतं. ऑर्डरी गेल्या. म्हणाला, आजी, तुमची वायरच सडकी हाय. निकेश म्हणाला, वायर ठणठणीत आहे रे, तिकडचे प्रोग्रॅम आपली अक्षरं घेत नाहीत. प्रविण म्हणाला, तिकडचं मला काय सांगतोस, मी ओळखतो तुला, पैसे तुला देतो. एप्रिल संपेपर्यंत नीट झालं नाय तर मी कनेक्शन काढणार, आणि गल्लीतले बाकीचे कारखानेही काढणार.
काढतील. त्याचं ऐकतात सगळे. गल्ली गेली तर कंपनीत उरतं काय? माझा अंगठा.

९ फेब्रुवारी, दुपार
निकेशला विचारलं, इंटरनेटवरच्या नावांचे नियम करतं कोण? म्हणाला, आयकॅन म्हणून संस्था आहे, जगभराची. तिथे गट असतात. नावं विकणाऱ्यांचा वेगळा, ट्रेडमार्कवाल्यांचा वेगळा, आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांचा, म्हणजे आपल्या तारवाल्यांचा, वेगळा. नियम ठरवणाऱ्या काउन्सिलवर तारवाल्यांना दोन खुर्च्या. गटात बरेचसे मोठ्या कंपन्यांचे लोक. आपणही गेल्या वर्षी सभासद झालो, आणि प्रतिनिधी म्हणून नाव लागलंय माझं.
एवढी मोठी गोष्ट मला वर्षभर कोणी सांगितली नाय! निकेश म्हणतो, सांगितली होती, तू पेढाही खाल्लास. शक्यच नाय. पेढा लक्षात राहिला असता.
संकल्प: एक खुर्ची घ्यायची. खुर्चीवर बसून प्रविणचा प्रश्न विचारायचा.

१२ फेब्रुवारी
इंग्रजी सुरू. नम्रताने ‘अजेंडा’ आणि ‘मोशन’ शिकवलं. दोन्ही आले.

१३ फेब्रुवारी
दोन्ही गेले. ऊन फार आहे. ऊन उतरलं की पुन्हा बसू. तोवर दुभाषी नम्रता.

२० फेब्रुवारी
तारवाल्यांच्या गटाचा पहिला कॉल. दुपारीच होता, बरं झालं. काचेवर नुसती डोकी, चौकटी चौकटीत, खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी. मी डोळे मिटून ऐकत होते. नम्रता म्हणते, आजी, तुम्ही घोरत होता आणि माईक चालू होता. विचार करताना माझा आवाज होतो. त्याला मी काय करू?

६ मार्च
आज बोलले! नम्रता भाषांतर करत गेली.
म्हटलं, आमच्या खाडीकडे बंदिस्तीची, म्हणजे बांध राखणाऱ्यांची, सभा असायची. बांध फुटला की खारं पाणी ज्याच्या शेतात आधी शिरतं, त्याला आधी बोलू द्यायचे. इथेही तसंच करा. नाव कुठेतरी तिसरीकडेच अडतं, पण माणूस तिकडे जात नाय, तो तारवाल्याच्या दारात येऊन ओरडतो. पाणी आधी आमच्या घरात. मग आम्हाला विचारा ना, आमच्या अक्षरांतली नावं सगळीकडे कधी चालणार?
 गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, फार महत्त्वाचा मुद्दा. एकाने पडद्यावर टाळ्यांचे हात पाठवले.
खुर्ची आलीच म्हणायची. निकेशला सांगितलं, दोन्ही बाजूंना हात असलेली मागव, उठताना गुडघे धरतात. तो म्हणाला, आजे, खुर्ची म्हणजे तशी खुर्ची नसते. मला शिकवतो.

१८ मार्च
प्रविणला निरोप धाडला, दम धर, तुझी आजी काउन्सिलवर चालली. त्याचा उलट निरोप आला, आजीला म्हणावं एप्रिल लक्षात हाय ना?
आहे. लिहून ठेवलंय.

२ एप्रिल
गटातल्या कोणीतरी खुर्चीसाठी माझं नाव सुचवलं. माझं! अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, हौसाबाई, तुम्ही स्वीकारता का?
आता, मानाची जागा कोणी देऊ केली तर रीत काय आहे? पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणायचं, माझ्यापेक्षा जाणती माणसं बसलीत. तिसऱ्यांदा लोक हाताला धरून बसवतात. पहिल्या हाकेला जाऊन बसली तर गावभर हावरट म्हणून नाव. बंदिस्तीच्या सभेत माझ्या सासऱ्यांना तर पायरीवरून उचलून आणलं होतं.
म्हणून मी म्हटलं, नको नको, मी अडाणी बाई, द्या दुसऱ्या कोणाला. नम्रता थांबली. म्हणाली, आजी, असंच सांगू? मी डाफरले, शब्द न् शब्द सांग, जास्त शहाणपणा नको. तिने सांगितलं. अध्यक्षबाईंनी हात जोडले, गोड हसल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.
पहिलं ‘नको’ छान झालं.

५ एप्रिल
अजून दुसऱ्यांदा विचारलं नाय. अंतर लांब आहे.

९ एप्रिल
नाय. नम्रताला सांगितलं, फोन चार्जिंगला लाव आणि माझ्या उशाशीच ठेव.

१४ एप्रिल
नाय. त्यांच्यात मधे बराच वेळ सोडायची पद्धत असणार. मोठी माणसं घाई करत नाहीत. इस्त्रीची साडी पुन्हा पेटीत ठेवली.

१७ एप्रिल
सभेचा वृत्तांत आला. नम्रताने वाचला: हौसाबाईंनी नकार दिला, त्यांच्या नम्रतेबद्दल गट आभारी आहे. खुर्ची दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना एकदाच विचारलं, आणि नम्रता सांगते, प्रश्न पुरा व्हायच्या आत ते ‘येस’ म्हणाले.
निकेशला म्हटलं, कळव त्यांना, ते पहिलंच ‘नको’ होतं. अजून दोन बाकी आहेत. तो कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, आजे, मुदत संपली. ही खुर्ची आता दोन वर्षांनी.
दोन वर्षांनी मी कुठे आणि माझं तिसरं ‘नको’ कुठे.
जेवण गेलं नाय. थोडा भात खाल्ला. मग थोडा अजून.

२९ एप्रिल
प्रविण आला. भांडायला नाय. बसला, पाणी प्याला. म्हणाला, आजी, मी नाव बदललं. आता इंग्रजी अक्षरांतलं घेतलं, मेल जातायत, ऑर्डर आली. कनेक्शन राहू दे. गल्लीतले पण राहतील.
 प्रविणने मोबाइलवर नवीन नाव दाखवलं. बापाचंच आहे, पण इंग्रजीत. मला सगळीच अक्षरं सारखी, म्हटलं वाच. वाचताना तोच अडखळला. आम्ही कोणी हसलो नाय.
म्हणजे गल्ली वाचली. मी वाचवली असं लिही, असं नम्रताला सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. बरं, नको लिहू. दमले मी.

पण एवढं लिही गो. निवडून आलेल्या त्या भल्या माणसाला आपले पोह्याचे पापड पाठव. तळलेले नको, वाटेत चुरा होईल. कच्चेच दे, आणि कसे तळायचे ते इंग्रजीत लिहून दे. त्याच पुड्यात आपला प्रश्न ठेव, अक्षरांचा. आणि घ्या घ्या म्हणून आग्रह करत बसू नको. तो पहिल्याच वेळी घेईल.